दरवाज्यांची पॅनल आणि छताचं अस्तर नव्याने मढवणे : कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी : पाहणी

गाडी पाच दारांची हॅचबॅक. मढवायचे भाग: चारही दरवाज्यांच्या पॅनलमधला कापडी भाग, त्याखालचे आर्मरेस्ट आणि छताचं अस्तर.

छत मध्यभागी लोंबतंय. बोटाने दाबलं की कापड वर जातं, सोडलं की खाली येतं आणि पिवळी भुकटी गळते. यात गोंदाचा दोष नाही. कापडाच्या पाठीवरचा फोम कुजला आहे. पॉलियुरेथेन फोम वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवेत राहिला की आधी चिकट होतो, मग भुसभुशीत. त्याचा एक पातळ थर गोंदाने अजून पाटीला (कापडामागच्या कडक तळाला) धरून ठेवलेला असतो, दुसरा कापडाला लागलेला असतो आणि मधला भाग संपलेला असतो. म्हणूनच सुईने आत गोंद सोडणं किंवा टाचण्या मारणं टिकत नाही. गोंद भुकटीला चिकटतो, पाटीपर्यंत पोचतच नाही.

मागच्या डाव्या दरवाज्यावर पूर्वी कोणीतरी जुन्या कापडावरच रेक्झिन चिकटवलं होतं. हात घालायच्या खळग्यात ते सुटून तंबूसारखं ताणलं गेलंय. सपाट भागात मात्र शाबूत आहे. खळग्याच्या दोन काठांवर आधी चिकटवून मधला भाग मागाहून दाबला की असं होतं: ताण कायम राहतो, आणि गाडी उन्हात तापून गोंद मऊ पडला की रेक्झिन आखडून सरळ रेषेत येतं.

हे काम दोन गोष्टींवर ठरतं: बंद गाडीतली उष्णता आणि वाढणारी जाडी. उन्हात बंद गाडीच्या आतले पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातात, काचेखालचे आणखी वर. आणि पॅनलवर वाढवलेला प्रत्येक मिलिमीटर कुठल्या तरी फटीतून वजा होतो. कापडाचा रंग-पोत शेवटी ठरवला तरी चालतो, हे दोन हिशेब आधी झाले पाहिजेत.

पुढच्या खांबांची (पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या) कव्हरं मढवायची नाहीत. त्यांच्यावर 'एअरबॅग' असं लिहिलेलं आहे, म्हणजे छताच्या कडेला पडदा-एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उतरणारी) आहे आणि ती फुगताना हे कव्हर ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या पट्टीला अडकून उघडायला हवं. जाड कापड, मागे दुमडलेली कड आणि गोंद यांनी ते उघडणं बदलतं. रंग उडालेला दिसला तरी ते धुऊन परत बसवायचं. सीटच्या ज्या बाजूला एअरबॅगची खूण आहे तिथेही हाच नियम.

कापड निवडताना एक अट: ते वाहनाच्या आतल्या वापराचं असावं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ नियमात आतल्या साहित्याचा जळण्याचा वेग मिनिटाला १०२ मिमीपेक्षा जास्त नसावा अशी मर्यादा आहे. मोजण्याची पद्धत आयएसओ ३७९५ मध्येही आहे. पडद्याचं किंवा सोफ्याचं कापड घेतलं तर याची काहीच खात्री राहत नाही.

२ फेब्रुवारी : दरवाज्यांची पॅनल काढली

आधी चारही काचा पूर्ण वर. मग इग्निशन बंद, बॅटरीचं ऋण टोक सोडलं, १० मिनिटं थांबलो. मॅन्युअलमध्ये यापेक्षा जास्त वेळ दिला असेल तर तो पाळायचा. एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात; त्यातला एकही सुटा असताना इग्निशन चालू केलं तर डॅशबोर्डवरचा दिवा लागून राहतो आणि तो बऱ्याचदा स्कॅनरशिवाय जात नाही.

स्क्रू तीन ठिकाणी लपलेले: आतल्या हँडलमागच्या वाटीत एका छोट्या टोपणाखाली, आर्मरेस्टच्या पकडीच्या तळाशी रबरी चकतीखाली, आणि आरशाच्या तिकोनी कव्हरमागे. पॅनल ओढून निघत नसेल तर जोर लावू नये. नव्वद टक्के वेळा एक स्क्रू राहिलेला असतो, आणि तुटतो तो पॅनलचा कान.

मागच्या दरवाज्यांना काच फिरवायचं हँडल आहे. ते मागच्या बाजूने इंग्रजी सी आकाराच्या तारेच्या क्लिपने धरलेलं असतं. हँडल आणि चकती यांच्या फटीत कापडाची पट्टी घालून जोडे पुसतात तशी डावी-उजवीकडे ओढली की पट्टीचा धागा क्लिपमध्ये अडकतो आणि ती उडून येते. दुसरा हात वर धरावा, नाहीतर ती सीटखाली शोधावी लागते.

कडेच्या क्लिपा प्लास्टिकच्या पातळ उचकणीने, नेमकी क्लिपच्या शेजारी घालून काढल्या. दोन क्लिपांच्या मध्ये उचकलं तर पॅनल वाकतं आणि क्लिपचं घर पाठीवरून तुटतं. खालून सुरुवात, मग दोन्ही बाजू, शेवटी पॅनल सरळ वर उचललं, कारण वरची कड काचेच्या खोबणीत अडकवलेली असते. पॅनल लटकू दिलं नाही. हँडलची केबल आधी सोडली: बाहेरचं आवरण खाचेतून काढायचं, मग तार आडवी करून तिचा गोळा बाहेर घ्यायचा.

दरवाज्याच्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा पडदा काळ्या ब्युटाइलने (चिकट रबरी लांबीने) चिकटवलेला आहे. तो फाडायचा किंवा कापायचा नाही. काचेवरून दरवाज्यात उतरणारं पाणी तोच बाहेर वळवतो; तो गेला की ओल थेट पॅनलच्या पाठीला आणि पायाखालच्या गालिच्यात जाते. शिवाय काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा संवेदक दरवाज्याच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो, त्यामुळे पडद्यातलं भोक ही सुरक्षेचीही बाब आहे.

प्रत्येक दरवाज्याचे स्क्रू वेगळ्या पाकिटात, पाकीट त्याच पॅनलच्या पाठीला चिकटवलं. तुटलेल्या आणि पाय पांढरे पडलेल्या क्लिपा मोजून तेवढ्या नव्या मागवल्या. स्पंजची चकती असलेल्या क्लिपेच्या जागी तशीच चकतीची क्लिप हवी, कारण ती पाणीही अडवते.

८ फेब्रुवारी : प्लास्टिक ओळखणं, कापडी भाग सुटे करणं

गोंद ठरवण्याआधी पाठीवरची खूण वाचली. आयएसओ ११४६९ प्रमाणे प्लास्टिकचं नाव दोन कोनी कंसांत कोरलेलं असतं. मोठं पॅनल 'पीपी-टीडी२०', म्हणजे २० टक्के टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन. कापडी भागाची पाटी 'एबीएस', हे वेगळं, कडक प्लास्टिक. आर्मरेस्ट 'पीपी+ईपीडीएम', म्हणजे रबर मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन.

हा फरक महत्त्वाचा आहे. एबीएसवर गोंद नीट धरतो. पीपीवर नुसता गोंद थंड झाल्यावर सालीसारखा सोलून येतो, कारण त्याच्या पृष्ठभागाला काहीच ओलं करू शकत नाही. पाण्याचा थेंब टाकला तर पसरत नाही, गोळा होऊन बसतो. पीपीला आधी पॉलिओलेफिनसाठीचा (पीपी ज्या गटात येतं त्या प्लास्टिकांसाठीचा) खास प्रायमर, म्हणजे गोंदाआधीचा पकड देणारा थर, लागतो. घासल्याने थोडी पकड वाढते, पण नुसत्या घासण्यावर पीपी सोडू नये.

एबीएसची पाटी मोठ्या पॅनलला खुंट्यांनी जोडलेली आहे. पाटीच्या खुंट्या पॅनलच्या भोकांतून मागे येतात आणि त्यांचं टोक वितळवून छत्रीसारखं पसरवलेलं असतं. ही टोकं धारदार सपाट पटाशीने पॅनलला समांतर तासली. ड्रिलने उडवता येतात, पण ड्रिल खाली घसरलं की खुंटीच जाते. खुंटीचा जितका भाग राहील तितकं परत जोडणं सोपं.

जुनं कापड सोललं. फोमचे अवशेष नायलॉनच्या ब्रशने कोरडेच काढले, मग गोंदाचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने मऊ करून प्लास्टिकच्या खरवडणीने उचलला. एबीएसवर अॅसिटोन आणि थिनर बंदी: पृष्ठभाग विरघळतो आणि बारीक तडे जातात. शेवटी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून धूळ पुसली.

धूळ म्हणजे इथे शत्रूच. बोटाला पांढरं लागत असेल तर पुसणं संपलेलं नाही.

९ फेब्रुवारी : गोंदाची परीक्षा

कापडाच्या २५ मिमी रुंद पट्ट्या पॅनलच्या पाठीवर, न दिसणाऱ्या जागी चिकटवल्या. एक घरगुती हस्तकलेच्या स्प्रेने, एक उष्णता सहन करणाऱ्या निओप्रीन कॉन्टॅक्ट गोंदाने. पीपीवर हाच गोंद प्रायमरसह आणि प्रायमरशिवाय. दिवसभर वाळल्यावर प्रत्येक पट्टीच्या मोकळ्या टोकाला १०० ग्रॅम वजन लटकवून सगळं बंद गाडीत, पुढच्या काचेमागे, दुपारच्या उन्हात ठेवायचं. थंड पॅनलवर सगळे गोंद चांगले वाटतात. फरक गरम असताना, संथ ओढीखाली दिसतो.

निकाल (१० तारखेला पाहिला): हस्तकलेचा स्प्रे घसरत खाली आला, पट्टीमागे गोंदाचे धागे. प्रायमरशिवायची पीपीवरची पट्टी पूर्ण सुटली, गोंद सगळा कापडाबरोबर गेला. बाकी दोन जागच्या जागी. त्या ओढून काढल्यावर फोम फाटला, गोंद सुटला नाही. हवा तो निकाल हाच.

रेक्झिनबद्दल वेगळी काळजी. पीव्हीसीत मिसळलेला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू बाहेर येतो आणि निओप्रीन गोंदाला लिबलिबीत करतो. पाठीला विणलेलं कापड असलेलं रेक्झिन घेतलं तर गोंद कापडाला लागतो आणि हा त्रास खूप कमी होतो. बिनपाठीचं रेक्झिन असेल तर गोंद पॉलियुरेथेनचा, डब्यावर पीव्हीसीसाठी म्हटलेला घ्यावा.

१४ फेब्रुवारी

हवेत आर्द्रता फार. गोंदकाम बंद. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं, गोंद दुधी होतो आणि दाबल्यावर धरत नाही. आज फक्त नमुने आणि कापणी.

पुढच्या दरवाज्याचा कापडी भाग ६२ × २४ सेमी, मागचा ४८ × २२. चारही बाजूंनी ३ सेमी दुमड धरून ६८ × ३० आणि ५४ × २८. कापड १४० सेमी पन्ह्याचं, मायक्रोफायबर, पाठीला २ मिमी फोम. पुढचे दोन तुकडे शेजारी-शेजारी १३६ सेमीत बसतात, मागचे दोन १०८ सेमीत. लांबी ३० + २८ = ५८ सेमी. परीक्षेच्या पट्ट्या आणि एक राखीव तुकडा धरून १ मीटर घेतलं.

लव नेहमी खाली जाईल अशी मांडणी: चारही नमुन्यांची वरची कड कापडाच्या एकाच टोकाकडे. डाव्या-उजव्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना उलटा करायचा, गोल फिरवायचा नाही. फिरवला तर आकार जुळतो पण लव वर जाते, आणि दोन दरवाजे दोन छटांचे दिसतात. हे चिकटवल्यावरच लक्षात येतं, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण आणि दरवाज्याचं नाव.

जाडीचा हिशेब: पाटीची कड पॅनलच्या ज्या खोबणीत बसते तिथे मोजलेली फट १.२ मिमी. फोमसकट कापड तिथे जाणार नाही. म्हणून दुमडीच्या सगळ्या पट्टीवरचा आणि वळणाआधीच्या ५ मिमीवरचा फोम ब्लेड आडवं धरून तासला, फक्त कापड उरलं. हे न करता पाटी दाबून बसवली तर खुंट्या तोकड्या पडतात आणि पाटी कडेला उचललेली दिसते.

१५ फेब्रुवारी : कापड चिकटवलं

तापमान २४ अंश, हवा कोरडी. दारं-खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही, तोंडाला सेंद्रिय वाफेच्या काडतुसाचा मास्क. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

क्रम असा ठेवला. पाटीला आणि कापडाच्या पाठीला, दोन्हींना गोंद. २० सेमी अंतरावरून आधी उभे, मग आडवे पातळ हात. फोम गोंद पितो म्हणून त्याला १० मिनिटांनी दुसरा हात. पाटीवर जाड थर देऊ नये: गोंदातला द्रावक एबीएसलाही मऊ करतो, आणि अडकलेला द्रावक नंतर उन्हात फुगे आणतो. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहायचं. चिकट लागलं पाहिजे पण बोटाला काही लागून यायला नको. आज ती वेळ ८ मिनिटांच्या आसपास आली. लवकर जोडलं तर घसरतं, फार उशीर केला तर धरत नाही.

गोंद लावलेले दोन पृष्ठभाग टेकले की हलवता येत नाहीत. म्हणून दोघांच्या मध्ये सिलिकॉनचा कागद ठेवून कापड जागेवर मांडलं, मध्यरेषा जुळवली आणि कागद थोडा-थोडा सरकवत गेलो. सुरुवात सर्वांत खोल जागेपासून: आधी खळग्याचा तळ, मग त्याच्या भिंती, मग काठ, मग सपाट भाग. कापड ताणायचं नाही, बोटांनी आत लोटायचं. मागच्या डाव्या दरवाज्यावरचं जुनं रेक्झिन नेमकं याच्या उलट क्रमाने लावलेलं होतं. सपाट भागावर रबरी रोलर हलकाच. जोराने दाबलं तर फोम चेपून खुणा राहतात.

कडा शेवटी, आणि कडांना ताजा गोंद. बाहेर वळणाऱ्या गोल कोपऱ्यावर जादा कापड साचतं, तिथे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा. आत वळणाऱ्या कोपऱ्यावर कापड कमी पडतं, तिथे सरळ चिरा. कुठलाही छेद कडेच्या ३ मिमी आधी थांबवायचा, नाहीतर तो पुढून दिसतो. ताण येईल तिथे क्लॅम्प आणि लाकडाची पट्टी, रात्रभर.

२१ फेब्रुवारी : आर्मरेस्ट

पीपी असल्याने प्रायमरचा एक पातळ हात, डब्यावरच्या वेळेप्रमाणे वाळवून मग गोंद. चारही बाजूंना ताणणारं, विणलेल्या पाठीचं रेक्झिन. हीट गन २० सेमीवरून सतत हलती ठेवून रेक्झिन हाताला गरम पण सोसवेल इतकंच तापवलं. फार तापलं की दाणा सपाट होतो, चकाकी येते आणि ती परत जात नाही.

रेक्झिन गरम असताना ताणून थंड होईपर्यंत धरून ठेवलं पाहिजे. लगेच सोडलं तर ते मागे येतं. टोकाच्या गोलाईवर चुण्या सगळ्या एका जागी जमू न देता बऱ्याच लहान चुण्यांत वाटून पाठीकडे नेल्या आणि तिथेच कापल्या. मढवून झाल्यावर दुमडलेल्या कडा पुन्हा एकदा तापवून दाबल्या. यामुळे राहिलेला ताण आताच निघतो, उन्हाची वाट पाहत नाही.

स्विचची चौकट बसवून पाहिली. रेक्झिनच्या जाडीमुळे अडकत होती, म्हणून चौकटीच्या भोवतीची दुमड ४ मिमीपर्यंत छाटली.

२२ फेब्रुवारी : जोडणी

पाट्या पॅनलमध्ये बसवून खुंट्यांची टोकं सपाट टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने वितळवून परत पसरवली. प्रत्येक खुंटी गरम असताना पाटी दुसऱ्या हाताने घट्ट दाबून, थंड होईपर्यंत. फट राहिली तर पुढे तिथूनच किरकिर येते. एबीएस वितळताना निघणारी वाफ श्वासात जाऊ द्यायची नाही, इथेही तोच मास्क.

तोकड्या उरलेल्या खुंट्यांना मध्यभागी २.२ मिमीचं भोक पाडून २.९ मिमीचा, रुंद डोक्याचा स्क्रू. लांबी आधी मोजायची: खुंटीची उंची आणि पाटीची जाडी मिळून जितकं होईल त्यापेक्षा निदान २ मिमी कमी. नवीन कापडातून वर आलेलं टोक झाकायला काही उपाय नसतो.

पॅनल आणि पत्रा जिथे घासतात तिथे फेल्टची चिकट पट्टी. पडद्याचं ब्युटाइल हाताने दाबून पुन्हा बसवलं. केबल, स्विच, स्पीकर जोडले. बॅटरी लावून क्लिपा दाबण्याआधीच कुलूप, काच, आतलं-बाहेरचं हँडल तपासलं. मग वरची कड खोबणीत, आणि प्रत्येक क्लिप भोकासमोर आहे हे पाहून तळहाताने ठोकली. क्लिप आत जाताना टक असा आवाज आला पाहिजे. मऊ दबली तर तिचा पाय दुमडला आहे, बाहेर काढून बदलावी.

१ मार्च : छताची पाटी बाहेर

पुन्हा बॅटरी, पुन्हा थांबणं. सनव्हायजर, पकडायची हँडलं, दिवा, सीटबेल्टच्या वरच्या भागाची कव्हरं, खांबांची कव्हरं, दारांची रबरं. पुढच्या खांबांच्या कव्हरला आतून एक पट्टीची क्लिप आहे. बऱ्याच गाड्यांत ती एकदाच वापरायची असते, म्हणून नव्या आधीच आणून ठेवल्या होत्या.

पुढच्या सीटा पूर्ण मागे पाडून पाटी डिकीच्या दाराने बाहेर काढली. याला दोन माणसं हवीतच. पाटी दाबलेल्या तंतूंची आणि फोमची असते, वाकवली की आडवी चीर पडते आणि ती नवीन कापडाखालून दिसते. एका हँडलजवळ जुनी चीर होती. पाठीमागून पातळ काचकापड आणि इपॉक्सीने जोडली.

७ मार्च : छत

भुकटी काढणं हेच इथे निम्म्याहून जास्त काम. मोकळ्या हवेत, मास्क लावून, मऊ नायलॉन ब्रशने एकाच दिशेने. तारेचा ब्रश पाटीचा वरचा थर उपसतो आणि खड्डे पडतात. ब्रशनंतर व्हॅक्यूम, मग हात फिरवून पाहणं. हाताला लागणारा प्रत्येक कण कापडातून फोडासारखा दिसेल.

कापड ३ मिमी फोमचं, १५० सेमी पन्ह्याचं, २ मीटर. पाटीवर मांडून अर्धं मागे दुमडलं, फक्त तेवढ्या अर्ध्यावर पाटीला आणि फोमला गोंद, वाळू दिलं, मध्यापासून बाहेर तळहाताने बसवत आणलं. मग दुसरा अर्धा. फोमवर गोंदाचा हात हलकाच: भिजला तर फोम कडक होतो आणि पुढून डाग दिसतो. दिव्याच्या खळग्यात आधी बोटं, मग भोवताल.

भोकं दुसऱ्या दिवशी कापली, गुणाकाराच्या खुणेसारखी, आणि पाकळ्या मागे चिकटवल्या. पडदा-एअरबॅगच्या बाजूच्या कडांना मूळ कापड मागे जितकं वळवलं होतं तितकंच वळवलं. तिथे जास्तीची दुमड नाही आणि पाटी गाडीला कुठेही गोंदाने लावलेली नाही. ती कड खाली उघडायला मोकळी असली पाहिजे.

१४ मार्च

छत परत बसवलं. खांबांची कव्हरं छताच्या कडेवर आधीपेक्षा घट्ट बसतात. मोजलं तर कापडाच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. क्लिपा पूर्ण बसल्या, पट्टीच्या क्लिपा नव्या. बॅटरी जोडून इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून नेहमीसारखा विझला.

१२ एप्रिल : उन्हानंतरची तपासणी

गाडी दुपारभर बंद उभी केल्यावर, गरम असतानाच प्रत्येक खळगा आणि प्रत्येक आतला कोपरा बोटाने दाबून पाहिला. थंड गाडीत ही तपासणी उपयोगाची नाही.

छत: कुठेही फुगा नाही. मागच्या काचेजवळची कड जागच्या जागी.

दरवाजे: चारही खळगे पक्के. पुढच्या उजव्या आर्मरेस्टच्या मागच्या टोकाला रेक्झिनची दुमड १० मिमीभर उचललेली, पुढून दिसत नाही. जुना गोंद अल्कोहोलने पुसून, प्रायमर, ताजा गोंद ब्रशने, आणि रात्रभर क्लॅम्प. पुढच्या डाव्या पॅनलची खालची एक क्लिप खडखडते, स्पंजची चकती फाटली आहे. बदलायची आहे, त्याच वेळी पडद्याची खालची कड ओली आहे का तेही पाहायचं.